एसडब्ल्यूआर सुधारला आणि मला कोणी ऐकेनासं झालं

तारवाली:

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं लायसन्स मिळून दोन वर्षं झाली आणि त्यातलं दीड वर्ष मी तारा ताणण्यात घालवलंय. बोलण्यापेक्षा तार दुमडून, मोजून, परत वर चढवण्यातच मला जास्त रस आहे, हे आता मान्य करून टाकलंय. प्रत्येक प्रयोग वहीत लिहिते, त्यामुळे खालचे आकडे आठवून लिहिलेले नाहीत.

अँटेना साधी आहे. ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीसारखी टांगलेली, दोन बाहूंची डायपोल. फायबरच्या खांबावर मधला बिंदू ९ मीटरवर, दोन्ही टोकं जमिनीपासून साधारण ३ मीटरवर दोरीने बांधलेली. तार घरगुती वायरिंगची, पीव्हीसी आवरणाची, दीड चौरस मिलिमीटर. सूत्राने १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर, एकेक बाहू १०.०७. मी १०.४० कापली आणि टोकं मागे दुमडत गेले. आवरणामुळे आणि व्ही आकारामुळे शेवटी ९.७० ला जमलं. दुमडलेलं टोक कापायचं नाही हा माझा नियम आहे, कारण कापलेली तार पुन्हा वाढत नाही हे पहिल्या अँटेनाने शिकवलं. खाली येते ती २५ मीटर आरजी-५८ कोअॅक्स (मध्ये तार, भोवती जाळी अशी रेडिओची केबल). फीडपॉइंटला, म्हणजे केबल तारेला जोडते तिथे, त्याच केबलचे १२ वेढे फेराइट कड्यावर घालून चोक केलाय (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवायला), आणि सगळं एका प्लॅस्टिकच्या डबीत.

चढवली तेव्हा एसडब्ल्यूआर (सोडलेल्या शक्तीपैकी किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) ७.१ मेगाहर्ट्झला १.३, आणि ७.० आणि ७.२ या दोन्ही कडांना १.८. मी खूश होते.

आता गंमत बघा. मध्ये दोन महिने पाऊस झाला. त्यानंतर मोजलं तर ७.१ ला १.१ आणि कडांना जेमतेम १.२५! मी हात लावलेला नाही. जमीन ओली झाल्याने सुधारला असेल असं समजून वहीत शेजारी चांदणी काढली. आणि परवा चुकून रिग (रेडिओ संच) २० मीटरवर असताना प्रक्षेपणाची की दाबली, तर १४.२ ला एसडब्ल्यूआर १.५. म्हटलं, वा, एक बँड फुकट मिळाला.

पण विस्परवर (छोटा निरोप आपोआप सोडायचा आणि कोणकोणत्या स्टेशनांनी पकडला ते बघायचं, अशी पद्धत) ५ वॉट सोडते तर पूर्वी रात्रीत ४० च्या आसपास स्टेशनं मला पकडायची, आता १२-१३. साधारण २६०० किलोमीटरवरचं एक स्टेशन आहे, ते मला रोज उणे १४ ते उणे १७ डीबी (खरखराटाच्या तुलनेत माझा सिग्नल किती) देत होतं. आता उणे १९, उणे २२. मला मात्र सगळे पूर्वीसारखेच ऐकू येतात. उलट पार्श्वभूमीचा खरखराट थोडा कमीच झालाय.

एसडब्ल्यूआर इतका देखणा असताना मला कोणी का ऐकत नाही? आयनमंडळाला दोष देऊन मोकळी होऊ, की ही अँटेना काढून दुसरी टांगू?

गुंडाळी:

ताई, व्ही काढा आणि एंड-फेड (मध्याऐवजी टोकाला केबल जोडलेली अँटेना) लावा, मी सांगतो! २०.२ मीटरची एकच तार, एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. ४३ मटेरियलच्या फेराइट कड्यावर प्राथमिक २ वेढे आणि दुय्यम १४. ७ पट वेढे म्हणजे ४९ पट इम्पीडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या करंटला होणारा विरोध), ५० ओमचे २४५० होतात. अर्ध्या तरंगाच्या टोकाशी तेवढाच काहीसा असतो. प्राथमिकाला समांतर १०० पिकोफॅरडचा जास्त व्होल्टेजचा कपॅसिटर लावलात की वरचे बँड सुधारतात. एका तारेवर ४०, २०, १५, १० मीटर चारही, ट्यूनर नको. मधला खांबही नको, एक टोक खिडकीशी आणि दुसरं झाडावर.

फक्त टोकाला हात लागणार नाही असं बघा. १०० वॉटला तिथे जवळजवळ ५०० व्होल्ट असतात आणि शिखराला ७००. मी एकदा बोटाने खात्री करून घेतली आहे.

शून्य_बीट:

गुंडाळी, प्रश्न काय, तू सांगतोस काय. आधी निदान होऊ दे.

तारवाली, विस्परचे आकडे एकट्याचे बघू नका. तुमच्याच भागातून त्याच रात्री त्याच बँडवर जे दुसरे सोडत होते, त्यांना त्या २६०० किलोमीटरवाल्याने काय दिलं ते काढा. विस्परच्या निरोपात कॉलसाइन, चार अक्षरी ग्रिड (ठिकाणाचा सांकेतिक पत्ता) आणि डीबीएममध्ये शक्ती असते, त्यामुळे तुलना सोपी आहे. तुमचे ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम. दुसरा २०० मिलिवॉटवर, म्हणजे २३ डीबीएमवर असेल, तर त्याच्या आकड्यात १४ मिळवा. तेही ५ डीबीने खाली गेले असतील तर दोष आकाशाचा. नसतील तर छपराच्या खाली-वर शोधा.

नोबेल मिळवलेले पल्सारवाले जो टेलर यांनी २००८ मध्ये ही पद्धत काढली ती अशाच कामांसाठी. जवळजवळ दोन मिनिटं एकच निरोप, आवाजाच्या २८ डीबी खालीसुद्धा वाचता येतो. गप्पा मारता येत नाहीत, पण अँटेना तपासायला यासारखं दुसरं काही नाही.

आणखी एक. प्रक्षेपण चालू असताना खोलीतल्या कोअॅक्सला हाताने धरा. एसडब्ल्यूआर हलला तर चोक नीट काम करत नाही आणि केबलच अँटेना झाली आहे.

तारवाली:

धरून बघितलं. काटा जागचा हलला नाही.

तुलनाही काढली, अख्खा रविवार गेला. माझ्या ग्रिडच्या आसपासचे दोघे नियमित सोडतात. त्या दोघांचे आकडे गेल्या दोन महिन्यांत सरासरी एक डीबीसुद्धा सरकलेले नाहीत. म्हणजे आकाश निर्दोष.

गुंडाळी, एंड-फेड करणारच आहे, वेढ्यांचं चित्र वहीत उतरवून घेतलंय. पण ही अँटेना का बिघडली हे कळल्याशिवाय मला ती खाली उतरवायची नाही.

डिट_डाह:

१४.२ ला १.५. सगळी गोम त्या एका ओळीत आहे आणि तुम्ही तिला फुकटचा बँड म्हणालात.

४० मीटरच्या डायपोलला २० मीटरवर मधून फीड केलं तर काय होतं? एकेक बाहू अर्धा तरंग होतो. मध्यावर करंट किमान, व्होल्टेज कमाल, इम्पीडन्स काही हजार ओम. ५० ओमच्या केबलला जोडल्यावर तिथे एसडब्ल्यूआर २० च्या किती तरी वर असायला हवा. (याच कारणाने तीच तार १५ मीटरवर मात्र चालते. २१.३ ला तीन अर्धे तरंग बसतात आणि मध्यावर पुन्हा करंट जास्त.) म्हणजे १४ वर वर गेलेली जवळजवळ सगळी शक्ती परत खाली यायला हवी होती. तुमच्या मीटरला ती परत येताना दिसत नाही. मग ती गेली कुठे? अँटेनाने ती घेतलेली नाही, एवढं नक्की.

हिशोब करा. एसडब्ल्यूआर १.५ म्हणजे परावर्तन गुणांक ०.२, म्हणजे रिटर्न लॉस (परत आलेली शक्ती सोडलेल्यापेक्षा किती डीबीने कमी) १४ डीबी. वर जाताना आणि येताना मिळून १४, एका वाटेला ७. केबलच खाऊन टाकतेय. ७ मेगाहर्ट्झला थोडं कमी खात असेल, पण खातेय. नव्या कोऱ्या २५ मीटर आरजी-५८ ने ७ मेगाहर्ट्झला १ डीबीच्या आत घ्यायला हवं.

आता तुमची बाकीची कोडी सुटतात का बघा. कडांचा एसडब्ल्यूआर १.८ वरून १.२५ वर का आला? अँटेना तेवढंच परत पाठवतेय, ते मीटरपर्यंत पोचत नाही. तुम्हाला सगळे पूर्वीसारखे का ऐकू येतात? कारण ४० मीटरवर रिसीव्हरचा स्वतःचा आवाज काहीच नाही, खरखराट सगळा बाहेरून अँटेनावाटे येतो. केबलने सिग्नल खाल्ला तसा खरखराटही तेवढाच खाल्ला. दोन्ही सारखे उतरले, गुणोत्तर तेच. पण तुम्ही सोडता तेव्हा पलीकडच्या माणसाचा खरखराट काही तुमच्या केबलमधून जात नाही. त्याच्या बाजूला फक्त तुमचा सिग्नल उतरतो.

आणि ४० ची १२ स्टेशनं कशी झाली? जी तुम्हाला उणे २५, उणे २६ ला कशीबशी वाचत होती, ती चार-पाच डीबीने सरळ कडेलोट झाली. जवळची टिकली.

खात्री करायची असेल तर वर चढा, केबल अँटेनापासून सोडवा आणि ते टोक नुसतं उघडं ठेवा. दुसरं काही जोडायचं नाही. खालून नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) लावून रिटर्न लॉस मोजा आणि निम्मं करा. त्याआधी कॅलिब्रेशन मीटरच्या तोंडाशी नीट करून घ्या. उघड्या टोकाकडून सगळं परत यायला हवं, जे आलं नाही ते केबलने खाल्लं.

पाणी शिरलं असणार. कोअॅक्सची जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. मी एकदा फीडपॉइंटची डबी वरून सील केली आणि खाली भोक ठेवायचं विसरलो. आत दमट हवा थंड होऊन पाणी साचायला लागलं, ते मावेना तेव्हा केबलमध्ये उतरलं. त्या वर्षी माझा एसडब्ल्यूआर इतका सुंदर होता की मी चार मित्रांना आलेख दाखवला. नऊ महिने दाखवत होतो.

गुंडाळी:

काका, म्हणजे एसडब्ल्यूआर मोजायचाच नाही का? मी तर पहिलं तेच बघतो.

डिट_डाह:

मोजायचा की. रिगला कोणता भार दिसतोय ते तो सांगतो, त्यापलीकडे काही विचारू नका. ५० ओमचा डमी लोड (सगळी शक्ती नुसती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावा, १.० येईल, त्यावर कोणाशी बोलून दाखवा. उलट बाजूने बघायचं तर लुई व्हार्नी यांची जी५आरव्ही घ्या, १९४६ ची. ३१ मीटर तार आणि खाली उघडी समांतर फीडर. बहुतेक बँडवर त्या फीडरवर एसडब्ल्यूआर भयंकर असतो आणि तरी माणसं जगभर बोलतात, कारण उघड्या फीडरमध्ये नुकसानच इतकं कमी की लाट चार वेळा वरखाली झाली तरी फार काही बिघडत नाही. तेच कोअॅक्समध्ये केलं की गरम केबल मिळते.

तारवाली:

शनिवारी चढले, केबल सोडवली, टोक उघडं ठेवलं.

७.१ ला रिटर्न लॉस १०.२, निम्मं ५.१ डीबी.
१४.२ ला १३.८, निम्मं ६.९ डीबी.

काका, तुम्ही ७ म्हणाला होतात, तेही माझी अँटेना न बघता. म्हणजे ५ वॉटमधले जेमतेम दीड वॉट वर पोचत होते.

मग ती केबल उतरवून मी ती चिरायला बसले. डबीजवळची जाळी काळी पडलेली. एक मीटर खाली कापली, काळी. आणखी एक, काळी. आठव्या मीटरला तांबं दिसायला लागलं पण मळकट. म्हटलं खालचा भाग तरी वाचला असेल. तर खोलीतलं कनेक्टर उघडलं आणि त्यातून थेंब पडला. शब्दशः थेंब! हिरवट. नऊ मीटर उंचीवरून २५ मीटर केबलमधून प्रवास करून तो रिगच्या पाठीपर्यंत आला होता. आणखी महिनाभर मी चांदण्या काढत बसले असते तर तो आत शिरला असता.

कारणही सापडलं. डबीत केबल वरच्या बाजूने घेतली होती, कारण तशी ती दिसायला नीटनेटकी दिसत होती, आणि भोकाभोवती ग्लू गनचा डिंक लावला होता. उन्हात तो सुटला. केबलवरून ओघळणारं पाणी सरळ आत.

नवी केबल तितक्याच लांबीची आणली आणि चढवण्याआधी उघड्या टोकाने मोजली: ७.१ ला १.८, म्हणजे ०.९ डीबी. १४.२ ला २.६, म्हणजे १.३. ही पानं मी लाल शाईने लिहिली आहेत, पुढच्या वर्षी याच आकड्यांशी ताडून बघणार. या वेळी केबल डबीत खालून घेतली, डबीच्या बुडाला एक बारीक भोक पाडलं, आणि जोडावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, त्यावर उन्हापासून वाचवायला साधी काळी टेप. डबीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. चोकही नव्याने गुंडाळला.

आणि आता माझा एसडब्ल्यूआर पुन्हा वाईट झाला. मध्ये १.३, कडांना १.८, १४.२ ला ५ च्या वर. इतका आनंद मला १.१ बघूनही झाला नव्हता. पहिल्या रात्री ३७ स्टेशनं. तो २६०० किलोमीटरवाला उणे १५.

शून्य_बीट:

झकास. हिशोबही जुळतोय, ५.१ वजा ०.९ म्हणजे ४.२ डीबी, आणि तुमचा सिग्नल पडला होता ५ च्या आसपास. राहिलेला एक डीबी रात्री-रात्रीच्या फरकात जातो.

गुंडाळी:

ताई, तुमचा धागा वाचून मला झोप लागली नाही. माझा ४९:१ मी फक्त २४५० ओमचा रेझिस्टर लावून तपासला होता, एसडब्ल्यूआर १.२ आला आणि मी डबी बंद केली. पण तो रेझिस्टरपर्यंत किती पोचवतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. म्हणून हुबेहूब दुसरा गुंडाळला, दोघांची उंच इम्पीडन्सची तोंडं एकमेकांना जोडली आणि नॅनोव्हीएनएच्या दोन पोर्टमध्ये ठेवून आरपार मोजलं. ७.१ ला दोघांत मिळून २.४ डीबी. एकेकाचे १.२. म्हणजे १०० वॉट सोडले की २४ वॉट माझ्या कड्यात. सलग एफटी८ (संगणकावरून निरोप सोडायची डिजिटल पद्धत) केल्यावर डबी गरम का व्हायची ते आता कळलं. मी समजत होतो ऊन लागतंय.

कडं लहान घेतलंय हेच कारण असावं. मोठं आणतो, किंवा दोन एकावर एक ठेवून बघतो. वर सांगितलेली कृती तोवर थांबवा.

तारवाली:

थांबवते. मोठ्या कड्यावरचे आकडे आले की इथेच टाक, तेवढ्यात मी तार मोजून ठेवते. दोन्ही अँटेना एकाच वेळी टांगायच्या आणि दर दोन मिनिटांच्या विस्पर फेरीला स्विच फिरवून आलटून पालटून सोडायचं, असं ठरवलंय. एक सम फेरी व्हीला, एक विषम एंड-फेडला. आठवडाभर चालवलं की आकाशाचा चढउतार आपोआप वजा होईल.

एक शंका. व्हीचा मध्य ९ मीटरवर म्हणजे तरंगलांबीच्या पाव भागापेक्षाही कमी, तिची बहुतेक शक्ती सरळ वर जाते. एंड-फेडची तार मी तिरपी चढवणार, ४ मीटरवरून ११ वर. लांबच्यांना फरक दिसेल का?

डिट_डाह:

थोडा दिसेल, तार जिकडे उतरते त्या दिशेला. पण दोघींचा चोक आणि केबल सारखी ठेवा, नाहीतर कोणाची तुलना करताय तेच कळणार नाही. एंड-फेडला चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवू नका, केबलचे दोनेक मीटर सोडून लावा. तिला परतीच्या करंटसाठी काहीतरी लागतं, आणि तुम्ही ते दिलं नाहीत तर ती तुमच्या मायक्रोफोनमधून घेईल.

जुनी केबल फेकली नाहीत ना? सुके तुकडे असतील तर चोकला चालतील.

तारवाली:

आठ मीटरच्या खालचे चार तुकडे ठेवलेत. पण तेही आधी उघड्या टोकाने मोजणार.